ठैरोसाहेब

कोणाही वाचकाचा वेळ घेण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न कागद पुढे ओढल्यापासून मनात आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. माझे आयुष्य मुलींच्या निबंधांवर लाल शाईच्या खुणा करण्यात गेले. स्वतः काही लिहावे असे वाटले, ते निवृत्तीनंतरही बऱ्याच उशिरा. तेव्हा या लिहिण्यात जे कच्चे असेल ते मी आधीच मान्य करते आणि क्षमा मागते. तरीही लिहिते आहे, याचे कारण असे की ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ओळखणारी माणसे आता उमरग्यात जवळजवळ उरलेली नाहीत. शिवाय एक प्रश्न आहे. तो मला एकटीला पेलत नाही.

त्यांचे खरे नाव सरकारी दवाखान्याच्या पाटीवर होते, पण ते कोणी घेत नसे. सारा तालुका त्यांना ‘ठैरोसाहेब’ म्हणे. रोगी समोरच्या स्टुलावर बसून आपले गाऱ्हाणे सांगू लागला, की साहेब उजव्या हाताचे बोट वर करत, “ठैरो” म्हणत आणि डोळे मिटून नळी त्याच्या छातीला लावत. आधी छाती ऐकायची आणि मग तोंड, असा त्यांचा क्रम होता. खोकला असो, खरूज असो, हा क्रम कधी चुकला नाही. एकदा शेतातून आलेला एक गडी वैतागून म्हणाला, “सायेब, काटा पायात मोडलाय. छातीत न्हाय.” साहेबांनी डोळे न उघडता उत्तर दिले, “ठैरो. पाय कुठं पळून जात नाही.” तोंडाला लाज असते, छातीला नसते, म्हणून आधी छातीला विचारावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी आम्हा सर्वांना ती एक गमतीची लकब वाटे.

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे ते पाण्याची सुई देत नसत. आमच्या भागात सुईचे तेव्हा नवे वेड होते. सुई टोचल्याखेरीज गुण येत नाही अशी लोकांची पक्की समजूत होती आणि हमरस्त्यावरचे काही खाजगी डॉक्टर नुसते पाणी टोचून ती समजूत राखतही असत. साहेबांच्या दवाखान्यात यावरून रोज एखादे तरी भांडण होई. जळकोटहून आलेल्या एका म्हातारीचे भांडण मी स्वतः ऐकले आहे.

“इतक्या लांबून आले अन् नुसत्या गोळ्या? सुई मारा की.”

“गोळ्या पुरेशा आहेत, मावशी.”

“मग पान्याची तरी मारा. तुमचं काय जातंय? सरकारची सुई, सरकारचं पानी.”

“पाणी प्यायचं असतं, मावशी,” असे म्हणून साहेबांनी कंपाउंडरला हाक मारली आणि तिला पेलाभर पाणी द्यायला सांगितले. म्हातारीने ते पिऊन टाकले आणि पदराने तोंड पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “लई चिकट मानूस हाय.” साहेब खूप हसले. मात्र सुई दिली नाही.

निजामाच्या अमदानीत ते हैदराबादहून नोकरीवर आले होते आणि विलीनीकरणानंतरही राहिले. मधल्या त्या भाद्रपदात, पोलीस ॲक्शनच्या वेळी, आमच्या मुलखात जे घडले त्याविषयी मोठी माणसे आमच्यासमोर बोलत नसत. साहेबांच्या धाकट्या भावाचे घर एका खेड्यात होते, ते जळाले आणि भाऊ पुन्हा दिसला नाही, एवढेच आईकडून पुढे समजले. नातलग एकेक करून शहराकडे निघून गेले. साहेबांनाही पुष्कळांनी जाण्याचा सल्ला दिला. लॉरी अड्ड्यावर कोणीतरी त्यांना हटकले होते, “काय डाक्टर, राज्य गेलं की तुमचं.” साहेब म्हणाले, “राज्य गेलं. मलेरिया इथंच आहे. तो गेला की मी पण जातो.”

ते असे हसून बोलत, पण तेव्हापासून त्यांनी एक नियम स्वतःला लावून घेतला होता. रोगी पाहायला कोणाच्या घरी गेले तर ते ओट्यावरच थांबत. रोग्याला तिथे आणवत, तिथेच तपासत, तिथेच हात धुऊन परत जात. आत येऊ नका असे त्यांना कोणी म्हटले नव्हते. आत या असेही कोणी म्हटले नाही.

आता दादाविषयी सांगितले पाहिजे. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यानंतर घर त्याच्यावरच होते. अड्ड्यावर तो लॉऱ्यांच्या मालाचे बुकिंग पाही. उंच, हसतमुख, कानडी आणि उर्दूतही तितकाच चटपटीत बोलणारा. त्याला मुतखड्याचा आजार जडला. वेदना अशा, की तो जमिनीवर गडबडा लोळे. पहिल्या वेळी त्याला सोलापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी मॉर्फिनची सुई दिली आणि बघता बघता तो शांत झाला. पुढच्या खेपेला सोलापूर लांब पडले. एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्याच औषधाच्या बारीक गोळ्या आणून दिल्या, कोणीतरी काचेची पिचकारी मिळवली, आणि चमच्यात गोळी विरघळवून स्वतःला टोचून घ्यायला दादा शिकला. कालांतराने खडा पडून गेला, पण सुई गेली नाही. तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत ती पिचकारी आणि एक बोथटलेली सुई असे. पाणी हाताशी असेल ते. पुष्कळदा इंजिनात घालण्यासाठी लॉरीत ठेवलेल्या डब्यातले.

घरात आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हाला दिसला तो ताप. थंडी वाजून चढायचा, घामाने उतरायचा, पुन्हा चढायचा. एकाने मलेरिया म्हटले, दुसऱ्याने विषमज्वर म्हटले. पुढे दादा खोकू लागला, छातीत कळा येऊ लागल्या आणि थुंकीत रक्त दिसले, तेव्हा सगळ्यांनी क्षय ठरवून टाकला आणि शेजारणींनी आमच्याकडे येणे बंद केले. हाडांचा सापळा झालेल्या दादाला लॉरीच्या फळीवर निजवून आम्ही सरकारी दवाखान्यात नेले.

साहेबांनी नळी लावली. आई सांगू लागली, तेव्हा बोट वर गेले. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. छातीच्या डाव्या बाजूला, मग मध्ये, मग पुन्हा तिथेच. मग त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितले. दादाने माझा हात घट्ट धरला होता, म्हणून मी राहिले.

“नळीनं मला अर्धं सांगितलं,” साहेब दादाला म्हणाले. “बाकी अर्धं तुम्ही सांगा. सुई कुठं घेता? दंडात, का मांडीत?”

दादा रडू लागला. साहेबांनी धोतर सारून मांडी पाहिली. ती खुणांनी काळीनिळी झाली होती. त्यांनी वस्त्र पुन्हा नीट केले.

मला त्यांनी नंतर समजावून सांगितले. हृदयात झडपा असतात, दारांसारख्या. रक्त पुढे गेले की त्या मिटतात, मागे येऊ देत नाहीत. घाणेरड्या सुईतून जंतू रक्तात शिरले आणि झडपेवर जाऊन बसले. तिथे त्यांची बुरशीसारखी पुटे वाढतात, पुटांचे तुकडे सुटून फुप्फुसात जातात, म्हणून कळा आणि रक्त. “क्षय नाही,” ते म्हणाले. “पण क्षय असता तर मला कमी भीती वाटली असती.” मग त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. मला वाटले होते टिकटिक ऐकू येईल. तिच्या जागी प्रत्येक ठोक्यामागून चुलीच्या फुंकणीसारखा एक लांबट आवाज येत होता. “दार मिटत नाही,” साहेब म्हणाले. “ते फटीतून मागं येणारं रक्त आहे.”

“सोलापूरला न्यावं का?” मी विचारले.

“रस्त्यात जातील. इथं कदाचित जगतील.” मग म्हणाले, “‘कदाचित’ म्हटलं मी. ऐकलं ना, बेटा?”

पेनिसिलिन तेव्हा आमच्याकडे दुर्मिळ होते. दादाला ते दिवसातून अनेक वेळा, ठरल्या वेळी, आणि असे कित्येक आठवडे द्यायचे होते. दवाखान्यातला साठा लवकरच संपला. तेव्हा अड्ड्यावरचे ड्रायव्हर पुढे झाले. ज्यांनी गोळ्या आणून दिल्या होत्या त्यांनीच सोलापूर आणि हैदराबादहून औषधाच्या कुप्या आणल्या, सदऱ्याच्या आतल्या खिशात गुंडाळून, लेकराला जपावे तशा. कंपाउंडर एकटा पुरा पडेना, म्हणून साहेबांनी मला सुई द्यायला शिकवले. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. साहेब पाठीशी उभे राहत. पाणी नुसते वाफाळलेले त्यांना चालत नसे. पातेल्यात काचेची पिचकारी खडखड वाजू लागली पाहिजे, आणि वाजत राहिली पाहिजे.

“हात धुतले?”

“धुतले, साहेब.”

“परत धुवा. आधी माझ्या भीतीनं धुतले. आता त्याच्यासाठी धुवा.”

दादाची मॉर्फिनची तलफ मात्र त्यांनी एकदम तोडली नाही. तेही औषध ते स्वतःच्या हाताने, उकळलेल्या पाण्यातून, हळूहळू कमी करत देत राहिले. गावात याची चर्चा झाली. एक दिवस एक वजनदार गृहस्थ दवाखान्यात आले आणि दारातूनच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सरकारी औषध एका नशेबाजावर ओतता, वर त्याला नशाही पुरवता. हे बरं दिसत नाही.”

साहेब म्हणाले, “आधी ताप उतरू द्या. मग त्याला आपण शिव्या देऊ. तुम्ही द्या, मी पण देतो. मला उर्दूत बऱ्याच येतात.”

गृहस्थ निघून गेले. खाटेवरचा दादा कितीतरी दिवसांनी हसला आणि त्या हसण्याने त्याला खोकल्याची उबळ आली.

ताप उतरला. आधी संध्याकाळचा, मग सगळाच. दादा उठून बसू लागला, भाकरी मागू लागला. एके दिवशी तो साहेबांना म्हणाला, “आता पाण्याची सुई देऊन बघा साहेब, म्हणजे सवय मोडेल.” साहेबांनी बोट वर केले. “ठैरो. पाण्याची सुई मी माझ्या बापाला दिली नसती.” घरी सोडताना मात्र ते हसत नव्हते. म्हणाले, “आग विझली. पण दार जळून वाकडं झालंय, ते वाकडंच राहणार. पुन्हा जंतू आले तर तिथंच बसतील. सुई घेऊ नका.” मग कंपाउंडरने मान वर करून पाहावे असे काही ते बोलले. “आणि घेतल्याशिवाय राहवलंच नाही, तर इथं या. मला सांगा. मी रागावणार नाही. माझ्याकडं उकळलेलं पाणी आहे.”

त्या वर्षी मी अध्यापनाच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी गेले. दादा कामावर जाऊ लागला होता. आईची पत्रे शेजारच्या मुलीने लिहिलेली असत आणि त्यात सर्व क्षेम असे. मग एक पत्र आले, त्यात एवढेच होते की दादाला ताप आहे, ये.

मधल्या काळात काय झाले ते मला दादाने आणि आईने वेगवेगळे सांगितले. त्याने पुन्हा सुई घेतली होती. साहेबांकडे जायला तो दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. ज्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणले, त्यांच्यापुढे पुन्हा ती मांडी उघडी कशी करायची, असे त्याला वाटले. मागल्या परसात, गुरांच्या कुंडीतले पाणी पिचकारीत ओढताना आईने त्याला पाहिले. तिने डोके आपटून घेतले, शपथा घातल्या. त्यानेही शपथ घेतली आणि मोडली. शेवटी आईच्या लक्षात आले की हा थांबणार नाही. घाणेरड्या पाण्यानेच मागचा आजार झाला, हे साहेबांचे बोलणे तिच्या मनात पक्के बसले होते. मग घरातले सर्वांत चांगले पाणी होते ते तिने त्याला दिले. देवघरातल्या गंगेच्या गडूतले.

तो गडू वडिलांनी काशीहून आणला होता. काशीयात्रेनंतरच्या जेवणावळीला, मावंद्याच्या दिवशी, तो उघडला, आणि पुढे वडिलांच्या तोंडात शेवटी त्यातलेच पाणी घातले. आमच्या गल्लीत कोणाची अखेर जवळ आली की आईकडून चमचाभर पाणी नेत. पाणी कमी झाले की आई त्यात आडाचे घाली. गंगेचा थेंब असला की सगळी गंगाच होते, असे ती मानी, आणि आमच्याकडे कोण तसे मानत नव्हते? गडूचे तोंड लहान, बोटे जेमतेम जातील एवढे होते. कितीतरी हातांची बोटे त्यात बुडून निघाली होती.

मी पोचताच आम्ही दादाला पुन्हा दवाखान्यात नेले. साहेबांनी नळी लावली आणि या वेळी लवकर काढली. “पाणी कुठलं घेत होता?” त्यांनी विचारले.

“शुद्ध होतं साहेब,” दादा म्हणाला. “आईनं दिलेलं.”

त्या दिवशी दुपारी साहेब आमच्या घरी आले. नेहमीप्रमाणे ओट्यावर थांबले. मग वहाणा काढल्या आणि आईला म्हणाले, “अम्मां, आत येऊ?” आई गोंधळली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “या की. तुमचंच घर हाय.” साहेब देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी गडू आणून दिला. त्यांनी थोडे पाणी पेल्यात ओतवून घेतले आणि उजेडाकडे धरले. त्यात बारीक तंतू तरंगत होते.

“काशीचं हाय, सायेब,” आई म्हणाली. “ह्यांनी सोता आनलेलं. गंगेत किडा पडत न्हाय.”

“उकळून दिलं होतं का, अम्मां?”

आईने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिले. “गंगा कुनी चुलीवर ठिवती व्हय?”

साहेबांनी पेला खाली ठेवला. आई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि तिला काहीतरी उमगू लागले असावे, कारण तिचा आवाज एकदम बारीक झाला. “ह्यानं झालं का, सायेब? म्या दिलं. माज्या हातानं.”

मला वाटले, आता बोट वर जाईल. साहेब ‘ठैरो’ म्हणतील, डोळे मिटतील, विचार करतील. ते लगेच बोलले.

“नाही, अम्मां. झडप जुनीच खराब होती. आज ना उद्या हे होणारच होतं. पाण्याचा काही संबंध नाही.”

“मंग इचारलं का?”

“गंगा देवाला असते. सुईला नको, एवढंच सांगायला आलो.”

आई जमिनीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. ते रडणे मोकळे होते. मी साहेबांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रस्त्यावर येईपर्यंत ते खाली पाहत चालले. मग म्हणाले, “जिंदगीत कुणाला पाण्याची सुई दिली नाही, बेटा. आज तुझ्या अम्मांना दिली.” माझ्या डोळ्यांकडे न पाहता ते पुढे म्हणाले, “झालं त्या पाण्यानंच. पण गडू सगळेच आडावर भरतात, ते पाणी आडाचं होतं. गंगेचा दोष नाही, अम्मांचा पण नाही. पण हे तिला सांगायला गेलो तर ती पहिलं अर्धंच ऐकेल. तू सांगू नको.”

पेनिसिलिन या वेळी लागू पडले नाही. पाण्यातले हे जंतू वेगळ्या जातीचे, त्यांना पेनिसिलिनची भीती नाही, असे साहेब म्हणाले. त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन दिले. हैदराबादेत आपल्याबरोबर शिकलेल्या डॉक्टरांना विचारून एक नवे औषध मागवले, तेही दिले. दादाच्या कानात घंटा वाजू लागल्या, पाय सुजले, पोट फुगले, पण ताप हलला नाही. फुप्फुसात तुकडे जात राहिले. श्वास घेताना तो बरगडीवर हात दाबून धरी आणि श्वास अर्ध्यावर सोडून देई. मी सुई देत होते. पातेल्यात काच खडखडत होती. साहेब रोज येत, रोज ऐकत, आणि ऐकून झाल्यावर माझ्याकडे पाहत नसत.

एके दिवशी दादा त्यांना म्हणाला, “साहेब, मी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं.”

“हो,” साहेब म्हणाले.

“रागावलात?”

“मी सांगितलं होतं ना, रागावणार नाही.”

“मग झालं,” असे म्हणून दादाने डोळे मिटले. मला आजही वाटते, त्या ‘हो’ने त्याला जी शांती मिळाली ती दुसऱ्या कोणत्याही उत्तराने मिळाली नसती. एकाच घरात साहेबांनी लेकाला खरे सांगितले आणि आईला खोटे.

शेवट दुपारी आला. साहेब दादाच्या छातीवर नळी ठेवून उभे होते. वॉर्डाच्या दारात आई दिसली. तिच्या हातात गडू होता आणि पळी. कंपाउंडर तिला अडवायला पुढे झाला. दवाखान्यात बाहेरचे पाणी रोग्याला द्यायचे नाही, हा साहेबांचाच नियम होता. मी साहेबांच्या उजव्या हाताकडे पाहिले. तो वर गेला नाही. त्यांनी नळी काढून गळ्यात अडकवली, कंपाउंडरला नजरेने मागे सारले आणि स्वतः वाकून दादाचे डोके आपल्या तळहातावर उचलून धरले. आईने पळी त्याच्या ओठांशी नेली. थोडे पाणी आत गेले, थोडे साहेबांच्या मनगटावरून बाहीत ओघळले. ते त्यांनी पुसले नाही.

त्यानंतर साहेब आणखी काही वर्षे उमरग्यात होते. राज्यांची फेररचना झाली, मुलूख एका राज्यातून दुसऱ्यात गेला, पाटीवरची उर्दू पुसून मराठी आली. साहेब त्याच स्टुलापुढे बसून छाती ऐकत राहिले. मी शिक्षिका झाले. वर्गात एखादी मुलगी घाईघाईने उत्तर देऊ लागली की माझे बोट नकळत वर जाई. मुलींनी मागे मला काय नाव ठेवले होते ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकून मला कधी वाईट वाटले नाही.

निवृत्त होऊन ते हैदराबादला निघाले, तेव्हा निरोपाला फार माणसे नव्हती. सामान एका लॉरीवर चढले होते. लॉरीचा ड्रायव्हर दादाच्या ओळखीतला होता, त्याने भाडे ठरवू दिले नाही. आईने एक लहानशी बाटली आणली होती, बुचावर मेण लावून बंद केलेली. म्हणाली, “सायेब, तुमच्यात ह्याला काय म्हन्तात ठाऊक न्हाय. पर माज्याकडं ह्याच्यापरीस मोलाचं काय न्हाय.” साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि नळी ठेवायच्या कातडी पिशवीत, नळीशेजारी, उभी ठेवली. मला म्हणाले, “सांभाळ.” काय सांभाळायचे ते त्यांनी सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती. पुढे काही काळ ईदेला त्यांचे पत्र येई. मग ते यायचे थांबले.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. गल्लीत कोणाची अखेर आली की गडू घेऊन जात राहिली. साहेबांनी सांगितले ते मी सांभाळले, आणि मला वाटे, आई ते सारे विसरली आहे. तिची स्वतःची वेळ आली तेव्हा मी तोच गडू काढला, पळीत पाणी घेतले आणि तिच्या ओठांशी नेले. तिने ओठ मिटून घेतले. मला वाटले, गिळता येत नसेल. मग ती अगदी स्पष्ट बोलली.

“त्या टायमाला ह्याच पान्यानं तर झालं नसंल ना गं?”

मी म्हणाले, “आई, साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं ना तुला.”

“सायेबांनी सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “मी तुला इचारते.”

पळी माझ्या हातात होती. तिचे डोळे माझ्यावर होते आणि ओठ मिटलेले होते. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला काय सांगितले असते?